दोन दूरध्वनींचा जुना धडा

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील अनेक शहरांत व्यापाऱ्याला दोन दूरध्वनी बाळगावे लागत. एक बेल कंपनीचा, दुसरा तिच्या प्रतिस्पर्ध्याचा. एकीच्या तारेवरून दुसरीच्या ग्राहकाशी बोलता येत नसे. अखेर डिसेंबर १९१३ मध्ये, सरकारी कारवाईच्या दडपणाखाली, बेल समूहाने स्वतंत्र कंपन्यांना आपल्या लांब पल्ल्याच्या तारांशी जोडणी देण्याचे मान्य केले.

आज हाच प्रश्न वेगळ्या रूपाने पुढे आला आहे. आवाजाचे बारीक तुकडे करून ते इंटरनेटवरून धाडणारी दूरध्वनी यंत्रणा लहान कारखानदार, दवाखाने व शिक्षणसंस्थाही वापरू लागल्या आहेत. परंतु एकाच कचेरीत हिशेबनीस विंडोजवर, आरेखक मॅकवर, तंत्रज्ञ लिनक्सवर आणि फिरता विक्रेता अँड्रॉइडवर काम करीत असतो. या सर्वांना सारखेपणाने न चालणारी यंत्रणा घेतली, तर दोन दूरध्वनींची अडचण नव्याने दाराशी येते.

ही अडचण तांत्रिक आहे असे म्हणता येणार नाही. 'सेशन इनिशिएशन प्रोटोकॉल' ही कॉल जोडण्याची खुली नियमावली १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली व २००२ मध्ये सुधारली गेली. ब्राउझरमधूनच बोलण्याची सोय करणाऱ्या 'वेबआरटीसी'ला जानेवारी २०२१ मध्ये प्रमाणाचा दर्जा मिळाला. अडचणीचे मूळ अर्थकारणात आहे. यंत्रणा घेताना पडणारी किंमत ग्राहकाला दिसते. ती सोडताना पडणारी दिसत नाही. नवी उपकरणे, नोकरवर्गाचे पुन्हा शिक्षण, कॉलच्या जुन्या नोंदी, पत्रिकांवर छापलेला क्रमांक या साऱ्यांचा खर्च जितका मोठा, तितकी पुढच्या वर्षी दर वाढविण्याची विक्रेत्याची मुभा मोठी. शिवाय विक्रेत्याने सेवाच बंद केली तर? २००३ मध्ये सुरू झालेली स्काइप सेवा मे २०२५ मध्ये बंद झाली, हे ध्यानात ठेवणे बरे.

एकाच विक्रेत्याकडून सर्व काही घेतल्यास बिघाडाची जबाबदारी निश्चित राहते, असे प्रतिपादन केले जाते. त्यात तथ्य आहे. मात्र जबाबदारी करारानेही बांधता येते. त्यासाठी ग्राहकालाच बांधून घेण्याचे कारण नाही. खुल्या प्रमाणामुळे स्पर्धा मरते, हा आक्षेपही टिकत नाही. २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयमुळे एका बँकेच्या खातेदाराला दुसऱ्या कंपनीच्या अ‍ॅपमधून तिसऱ्याच बँकेत पैसे धाडता येतात. नियम समान ठेवल्याने सेवेतील चुरस थांबलेली नाही.

केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी खुल्या प्रमाणांचे धोरण २०१० मध्येच जाहीर केले. सार्वजनिक पैशातून होणाऱ्या दूरध्वनी यंत्रणांच्या प्रत्येक खरेदीत त्याच तत्त्वाचा कसोशीने अवलंब व्हावयास हवा. लहान उद्योजकाने निविदा मागविताना तीन प्रश्न लेखी विचारावेत : आमच्या सर्व संगणकांवर ही यंत्रणा चालेल काय? दुसऱ्या कंपनीची उपकरणे तिला जोडता येतील काय? करार संपल्यावर आमचा क्रमांक व नोंदी आम्हांस मिळतील काय? उत्तर टाळणाऱ्या विक्रेत्याची स्वस्ताई अखेरीस महागात पडते.