विश्लेषण : नरसंहारातील माजी अधिकाऱ्यावर परदेशात खटला, भारतात असे होऊ शकते का?

रवांडात १९९४ मध्ये सुमारे शंभर दिवसांत आठ लाख लोक मारले गेले. त्या वेळी गिकोंगोरो प्रांताचे प्रमुख असलेले लॉराँ बुसिबारुता यांना २८ वर्षांनी, १२ जुलै २०२२ रोजी, पॅरिसच्या न्यायालयाने २० वर्षांची शिक्षा सुनावली. हे पद म्हणजे ढोबळमानाने आपल्याकडचा जिल्हाधिकारी.

आरोप काय होता?

बुसिबारुता यांनी स्वतः कोणावर शस्त्र चालवल्याचा आरोप नव्हता. जीव वाचवण्यासाठी पळालेल्या तुत्सींना संरक्षण मिळेल असे सांगून मुरांबीच्या शाळेत गोळा करण्यात आले. पाणी तोडले गेले आणि २१ एप्रिलला तिथे हजारोंची कत्तल झाली. आपण हतबल होतो, हा बचाव न्यायालयाने मानला नाही. नरसंहारात साहाय्य केल्याबद्दल ते दोषी ठरले. अपील प्रलंबित असतानाच डिसेंबर २०२३ मध्ये त्यांचा मृत्यू झाला.

फ्रान्सला अधिकार कुठून आला?

ते १९९७ पासून फ्रान्समध्ये राहत होते. रवांडासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००७ मध्ये हे प्रकरण फ्रान्सकडे सोपवले. गुन्हा कुठेही घडला तरी आरोपी आपल्या भूमीवर सापडल्यास खटला चालवता येतो, हे वैश्विक अधिकारक्षेत्राचे तत्त्व.

भारताची स्थिती काय?

नरसंहारविरोधी करार भारताने १९५९ मध्ये मंजूर केला. त्याच्या कलम ४ नुसार सत्ताधारी, अधिकारी, सामान्य माणूस कोणीही शिक्षेस पात्र आहे. पण त्यासाठी देशांतर्गत कायदाच झाला नाही. गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी, १९६० मध्ये, जिनिव्हा करारांसाठी मात्र कायदा झाला आणि त्यानुसार परदेशात केलेल्या गंभीर युद्धगुन्ह्यासाठीही इथे खटला चालू शकतो. तक्रार मात्र सरकारनेच करायची. १७ डिसेंबर २०१८ रोजी सज्जनकुमार प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने नरसंहार हा गुन्हा आपल्या कायद्यात नसल्याकडे लक्ष वेधले. त्यानंतर आलेल्या भारतीय न्याय संहितेतही तो नाही. म्हणजे उद्या असा आरोपी पुण्यात राहताना आढळला, तर प्रत्यार्पणाखेरीज फारसा मार्ग उरत नाही.

नगर जिल्ह्याशी संबंध?

नरसंहार आणि जातीय अत्याचार यांची तुलना होऊ शकत नाही. अधिकाऱ्याच्या जबाबदारीचा प्रश्न मात्र इथेही येतो. कर्तव्यात जाणीवपूर्वक कसूर करणाऱ्या लोकसेवकाला ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ४ नुसार सहा महिने ते एक वर्ष शिक्षा आहे, तीही प्रशासकीय चौकशीची शिफारस असेल तर. जामखेड तालुक्यातील खर्डा येथे २०१४ मध्ये झालेल्या दलित मुलाच्या हत्येच्या खटल्यात साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ मध्ये आरोपी सुटले. पॅरिसमध्ये मात्र २८ वर्षांनंतरही वाचलेले लोक साक्षीला उभे राहिले, काही प्रत्यक्ष, तर काही रवांडातून दूरचित्र माध्यमातून.