एचआयव्ही : औषध मोफत, पण वाट दूरची

एचआयव्हीवरील औषधे सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतात. मात्र केवळ त्यामुळे उपचार गरिबांच्या आवाक्यात आले, असे म्हणता येणार नाही. तमिळनाडूतील तंजावर जिल्ह्याच्या संदर्भात हा फरक प्रकर्षाने जाणवतो.

भारतातील एचआयव्हीचा संसर्ग १९८६ मध्ये प्रथम उघडकीस आला तो तमिळनाडूतच. चेन्नईतील मराठी कुटुंबात जन्मलेल्या डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला यांच्या संशोधनामुळे तो लक्षात आला. पुढे प्रभावी औषधे निघाली, परंतु त्यांचा वार्षिक खर्च प्रतिरुग्ण १० हजार डॉलरच्या घरात होता. २००१ मध्ये सिप्ला या भारतीय कंपनीने एका आंतरराष्ट्रीय सेवाभावी संस्थेला ती वर्षाला ३५० डॉलर दराने देऊ केली आणि चित्र पालटले. १ एप्रिल २००४ पासून केंद्र सरकारने तमिळनाडू व महाराष्ट्रासह सहा राज्ये आणि दिल्लीत मोफत एआरटी उपचार सुरू केले.

आरंभी केंद्रे मोजकीच होती. चेन्नईजवळच्या तांबरम येथील सरकारी रुग्णालय त्यांपैकी एक. तंजावरपासून ते सुमारे ३०० किलोमीटर दूर आहे. पुढे तंजावरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात केंद्र सुरू झाल्याने हे अंतर घटले.

तरीही कावेरीच्या खोऱ्यातील भूमिहीन शेतमजुरासाठी रुग्णालयाची प्रत्येक फेरी म्हणजे बसभाडे आणि बुडालेली मजुरी. भातलावणी व कापणीच्या दिवसांत हे नुकसान अधिक असते. शिवाय जवळच्या केंद्रात कोणी ओळखेल, या भीतीने काही रुग्ण दूरचे केंद्र पसंत करतात. औषधांत खंड पडल्यास विषाणू त्यांना दाद देईनासा होतो आणि मग अधिक महागडे उपचार करावे लागतात.

१० सप्टेंबर २०१८ रोजी अमलात आलेल्या एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायद्याने भेदभावास मनाई केली. मात्र उपचार पुरविण्याची सरकारची जबाबदारी 'शक्य असेल तेथवर' एवढीच ठेवली आहे. रुग्णांच्या संघटनांनी या शब्दांना आक्षेप घेतला होता. २०२२ मध्ये औषधांचा तुटवडा भासल्याने रुग्णांनी दिल्लीत 'नॅको'च्या कार्यालयासमोर आंदोलन केले, तेव्हा हा आक्षेप निराधार नव्हता हे दिसून आले.

उपाय अज्ञात नाहीत. २०२० च्या टाळेबंदीत रुग्णांना एकाच वेळी अनेक महिन्यांची औषधे देण्यात आली. संकटकाळात जे साधले, ते एरवीही नियमितपणे साधता येईल. अर्थात त्यासाठी साठा अखंड असला पाहिजे. २०२३ च्या अंदाजानुसार देशात सुमारे २५ लाख एचआयव्हीबाधित आहेत. त्यांतील गरिबांना उपचार कितपत मिळतात, हे औषधाच्या किमतीवरून नव्हे, तर ते घेण्यासाठी किती दिवसांची मजुरी सोडावी लागते यावरून ठरवावे लागेल.