नियमाला कारण हवे

वसतिगृहाविषयी आपल्याकडे दोन मते प्रचलित आहेत. बाहेरच्यांना वाटते, की घरापासून दूर राहणारी मुले मोकाट सुटतात. त्यांना नियमांचा लगाम हवाच. आत राहणाऱ्यांना वाटते, की वसतिगृह म्हणजे निम्मा तुरुंग. वर्षाला भाडे आणि महिन्याला मेसचे बिल भरून हा तुरुंग आपणच विकत घेतलेला आहे, एवढाच काय तो फरक! गेली तीन वर्षे मी वसतिगृहात राहते आहे. या दोन्ही मतांशी माझे पटत नाही. नियमांवाचून शंभर-सव्वाशे मुली एका छताखाली राहूच शकत नाहीत, हे मला मान्य आहे. परंतु नियम आहे म्हणजे तो योग्यच असला पाहिजे, हे मात्र मला मान्य नाही. प्रत्येक नियमाला काही कारण हवे, आणि ते कारण नियम पाळणाऱ्याला कळलेले हवे, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे.

मुळात आपल्यापैकी किती जणांनी वसतिगृहाची नियमावली वाचली आहे? प्रवेशाच्या दिवशी टेबलापुढे रांग असते. पावती, फोटो, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला यांच्या गडबडीत एक हमीपत्र पुढे सरकवले जाते. ‘मी वसतिगृहाचे सर्व नियम वाचले असून ते मला मान्य आहेत’ या वाक्याखाली आपण सही करतो, शेजारी वडील सही किंवा अंगठा करतात आणि काम संपते. नियम मात्र हाती पडत नाहीत. ते नंतर हळूहळू कळत जातात. काही रेक्टरबाईंच्या तोंडून, काही वॉचमनकाकांच्या शिट्टीवरून आणि बरेचसे दंडाच्या पावतीवरून! जो नियम दंड भरल्यावर कळतो, त्याला नियम म्हणावे की सापळा, असा प्रश्न पडतो.

खरे म्हणजे महाराष्ट्राला वसतिगृहाचे महत्त्व पटवून देण्याची गरज नाही. आपल्या बहुजन समाजाचे शिक्षण शाळेइतकेच वसतिगृहांनी घडवले. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग सुरू केले, आणि पुढच्या वर्षांत एकामागून एक समाजांची वसतिगृहे तेथे उभी राहिली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी १९०८ साली मिस क्लार्क वसतिगृह निघाले. कोल्हापूरला ‘वसतिगृहांची जननी’ म्हणतात ते उगीच नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केल्यावर हाती घेतलेल्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे सोलापूरचे १९२५ सालचे वसतिगृह. खेड्यातल्या गरीब मुलाला शहरात शाळा सापडते, पण पाठ टेकायला जागा आणि दोन वेळचे अन्न सापडत नाही, हे या थोर माणसांनी ओळखले होते.

याच इतिहासातला एक प्रसंग आपल्या विषयाशी अगदी जवळचा आहे. कर्मवीर भाऊराव पाटील विद्यार्थिदशेत कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहत होते. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर आंघोळ करून, कपडे बदलून मगच भोजनगृहात यायचे, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी ते मानले नाही, आणि त्यापायी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्या नियमालाही कारण होतेच. पण ते कारण विटाळाचे होते, माणुसकीच्या कसोटीला न उतरणारे होते. पुढे याच भाऊरावांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीत जेवत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले. मुलांच्या पोटाला घालण्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की एक नियम मोडणाऱ्या भाऊरावांनी आपल्या वसतिगृहात नियमच ठेवले नाहीत असे झाले नाही. तेथे कष्टाचे आणि शिस्तीचे कडक नियम होते. परंतु दळण दळणाऱ्या, पाणी भरणाऱ्या, लाकडे फोडणाऱ्या मुलाला आपण हे कशासाठी करतो ते ठाऊक होते.

आजच्या वसतिगृहातले नियम या दृष्टीने तपासले, तर त्यांचे मला तीन प्रकार दिसतात.

पहिला प्रकार जिवाच्या रक्षणाचा. खोलीत शेगडी, इस्त्री, पाणी तापवायचे कॉइल वापरायचे नाही, हा नियम सर्वांत जास्त मोडला जाणारा. थंडीच्या दिवसांत पहाटेच्या बादलीभर कोमट पाण्यासाठी आमच्या मजल्यावर निदान सात-आठ कॉइल लपवलेली असायची. तपासण्या झाल्या, जप्ती झाली, दंड झाले. कॉइल काही हटले नाहीत. मग एकदा फ्यूज गेला म्हणून वायरमन आला. त्याने बोर्ड उघडून काळी पडलेली, आवरण वितळलेली वायर आम्हां सर्वांना दाखवली, आणि एकाच जोडणीवर किती खोल्या आहेत ते मोजून सांगितले. त्या आठवड्यात कॉइल आपोआप नाहीसे झाले. दहा नोटिसांनी जे साधले नाही, ते त्या काळ्या वायरने साधले. मात्र त्याचबरोबर गरम पाण्याची सोय करणे ही वसतिगृहाची जबाबदारी ठरते. नियम करणाऱ्याने गरज नाकारायची आणि पाळणाऱ्याने मुकाट्याने कुडकुडायचे, हा न्याय नव्हे.

रॅगिंगविरोधी नियमही याच प्रकारात मोडतात. महाराष्ट्राने १९९९ सालीच त्यासाठी कायदा केला. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा त्यात आहे. २००९ साली हिमाचल प्रदेशातल्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याचा रॅगिंगमध्ये मृत्यू झाला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरासाठी नियमावली आणली. नव्या मुलांची निवासव्यवस्था वेगळी ठेवणे, वसतिगृहांना रात्री अचानक भेटी देणे हे सारे त्यातूनच आलेले आहे. रात्री दार वाजले म्हणून आपण कुरकुर करतो. पण त्या दारावरच्या थापेमागे एका मुलाचा जीव आहे, हे विसरू नये.

दुसरा प्रकार वाटून घेण्याचा. पाण्याच्या वेळा, मेसच्या वेळा, रात्री दहानंतर शांतता, बाहेरच्या पाहुण्यांना मुक्काम नाही इत्यादी. हे नियम आपणच आपल्या विरुद्ध मोडतो, असे मला वाटते. एकीने नळ सोडून ठेवला, तर चौथ्या मजल्यावर पाणी चढत नाही. मुलांच्या वसतिगृहात नावावर खोली नसलेले ‘पॅरासाइट’ किती असतात, हे सर्वांना माहीत आहे. दोघांच्या खोलीत चौघे झोपतात. त्यांना दोष देताना मला संकोच वाटतो, कारण जागाच अपुऱ्या आहेत. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या मुलांसाठी स्वाधार योजनेसारखी मदत शासनाला सुरू करावी लागली, यातच सारे आले. तरीही आपल्या मित्राची सोय करताना आपण तिसऱ्याच्या वाट्याचे पाणी आणि झोप देऊन टाकतो. औदार्य स्वतःच्या खिशातून करावे, शेजाऱ्याच्या नव्हे!

तिसरा प्रकार संशयाचा, आणि माझे भांडण आहे ते याच्याशी. आमच्या फाटकाला संध्याकाळी सात वाजता कुलूप लागते. मुलांच्या फाटकाला रात्री दहाला, आणि तेही लागले तर. ग्रंथालयाचे अभ्यासिकेचे शुल्क मात्र दोघांना सारखेच. अभ्यासिका नऊपर्यंत उघडी असते. म्हणजे रोजचे दोन तास मुलींनी शुल्क भरायचे आणि मुलांनी वाचायचे! कारण विचारले, की उत्तर मिळते, ‘तुमच्याच सुरक्षिततेसाठी.’ सुरक्षिततेची काळजी आम्हांलाही आहे. पण रस्त्यावर दिवे नाहीत म्हणून मुलींना कोंडायचे, की दिवे लावायचे? अभ्यासिकेपासून वसतिगृहापर्यंतच्या वाटेवर तीन खांब उभे केले आणि नऊ वाजता एक पहारेकरी सोबत दिला, तर हा प्रश्न मिटण्यासारखा आहे.

हे केवळ माझे म्हणणे नाही. मुलींच्या सुरक्षिततेचे कारण पुढे करून वसतिगृहात त्यांच्यावर मुलांहून वेगळे, भेदभावाचे नियम लादू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमावलीतच म्हटलेले आहे. केरळमधल्या एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते दहा मोबाइल वापरायला बंदी होती. ती न मानणाऱ्या मुलीला वसतिगृहातून काढण्यात आले. २०१९ साली केरळ उच्च न्यायालयाने तिला परत घ्यायला लावले आणि इंटरनेटचा वापर हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. शिस्त हवी, पण तिने शिकण्याच्या साधनाचीच वाट अडवू नये, हे न्यायालयालाही पटले.

काही नियमांत वाईट हेतू नसतो. पण ते करताना डोळ्यांसमोर एकाच प्रकारचे घर असते. ‘दुसऱ्या सत्राच्या आरंभी पालकांनी समक्ष येऊन सही करावी’ असा नियम आहे. नोकरदाराला एक दिवसाची रजा काढली की झाले. माझी एक मैत्रीण बीड जिल्ह्यातल्या एका वाडीवरची. दिवाळीच्या सुमारास तिचे आईवडील कारखान्यावर ऊस तोडत होते. उचल घेतलेली असते, टोळी सोडून येता येत नाही. आले तर कोयत्याचा खाडा आणि प्रवासखर्च दोन्ही अंगावर. तिने वडिलांना फोनवर बोलायला लावले, व्हिडिओवर चेहरा दाखवला. पण नियमात ‘समक्ष’ असा शब्द होता. गावात मावशी-मामा असते, तर ‘स्थानिक पालक’ म्हणून चालले असते, तेही नव्हते. तिला ते सत्र बाहेर खोली घेऊन काढावे लागले. भाडे आणि डबा मिळून जो खर्च झाला, तो त्या घराला झेपण्यासारखा नव्हता. पुढच्या वर्षी ती आली नाही. गावी तिचे लग्न झाल्याचे कळले. ज्या मुलीसाठी वसतिगृह सर्वांत जास्त गरजेचे होते, तिलाच एका सहीने बाहेर ठेवले. त्या नियमाचे कारण कोणी कोणाला विचारले असते, तर ‘पालकांना मुलीचा ठावठिकाणा माहीत असावा’ एवढेच निघाले असते; आणि ते काम एका फोनने भागत होते.

म्हणून माझ्या सूचना फार मोठ्या नाहीत. नियमावली मराठीत छापून हमीपत्राच्या आधी हाती द्यावी. प्रत्येक नियमापुढे एका ओळीत त्याचे कारण लिहावे. ज्याचे कारण लिहिता येणार नाही, तो नियम काढून टाकावा. दंड किती आणि कोणत्या चुकीला, हे आधीच ठरलेले असावे, आणि वसतिगृहातून काढण्यापूर्वी त्या मुलीचे म्हणणे ऐकून घ्यावे. अडचणीत सवलत मागायची झाली, तर ती कोणाकडे, हे लिहिलेले असावे. आणि दरवर्षी निवडलेल्या विद्यार्थी प्रतिनिधींना बरोबर घेऊन नियमांची एकदा उजळणी व्हावी. रेक्टरबाईंचा यात अपमान नाही. रात्री-अपरात्री तापाने फणफणलेल्या मुलीला रिक्षात घालून दवाखान्यात नेणाऱ्या त्याच असतात, हे आम्ही पाहिलेले आहे. त्यांच्यावर इतक्या जणींचा भार आहे, म्हणूनच तो थोडा आमच्याही खांद्यावर यावा.

पण हा भार घ्यायचा, तर आपणही तयार असले पाहिजे. मेस समितीच्या बैठकीला पाचजणी येतात आणि भाजी पातळ झाली की शंभरजणी ओरडतात, हे चालणार नाही. सवलत मागणाऱ्याने हिशेबही द्यायला हवा. उद्या अभ्यासिकेसाठी फाटक नऊपर्यंत उघडे राहिले, तर त्या वेळी अभ्यासिकेतल्या खुर्च्या भरलेल्या दिसल्या पाहिजेत.

येत्या जूनमध्ये नव्या मैत्रिणी ट्रंका आणि वळकट्या घेऊन येतील. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की सही करण्यापूर्वी नियम मागून घ्या, बसून वाचा, आणि जो कळणार नाही त्याचे कारण नम्रपणे पण न घाबरता विचारा. कारण पटले, तर तो नियम कोणी पाहत नसतानाही पाळा. नाही पटले, तर चोरून मोडू नका. उघडपणे, अर्ज लिहून, चारजणींच्या सह्या घेऊन बदलायला लावा. चोरून मोडलेल्या नियमाने एकीची सोय होते; बदललेल्या नियमाने मागून येणाऱ्या सगळ्यांची वाट मोकळी होते.