वीस मिनिटे पाणी

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी कधी पाऊल टाकलेले नाही. तेव्हा तेथील अपघातांविषयी लिहिण्याचा याला अधिकार काय, असे कोणी विचारील. माझे उत्तर मल्हारगंजात घडलेल्या एका प्रसंगात आहे.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मी इंदूरला मावशीकडे होतो. मल्हारगंज ही तेथील जुनी वस्ती. नावातच होळकरांची आठवण सांगणारी. एके सकाळी मोरी घासताना मावशीच्या हातावर अ‍ॅसिड सांडले. "तेजाब उडालं!" म्हणून ती ओरडली. कोणी हळद आणली, कोणी टूथपेस्ट. मी खाण्याच्या सोड्याचा डबा शोधू लागलो. शाळेत शिकलो होतो ना, आम्लावर अल्कली!

तेवढ्यात शेजारचे आजोबा आले. ते पूर्वी एका कॉलेजात प्रयोगशाळा साहाय्यक होते. त्यांनी काही न बोलता मावशीच्या बांगड्या उतरवायला लावल्या आणि तिचा हात नळाखाली धरला. पाच मिनिटांनी मावशी म्हणाली, "बस झालं, काका." ते म्हणाले, "घड्याळाकडे बघ. वीस मिनिटं." मग माझ्याकडे वळले. "सोडा फरशीवर टाक, बाळ. कातडीवरचं आम्ल वाहून जायला हवं. तू डबे हुडकत होतास तेवढ्या वेळात ते काम करत होतं."

नंतर मावशीला दवाखान्यात नेले. हातावर डाग राहिला, पण हात वाचला. मला मात्र चैन पडेना. मी आम्ल-अल्कलीच्या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण मिळवले होते आणि ऐन वेळी माझा काडीचा उपयोग झाला नाही!

कोणी म्हणेल, विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना हे शिकवतातच. पुस्तकात वाचणे आणि हाताला सवय असणे यांत अंतर आहे. २००८ च्या डिसेंबरात अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात हवेशी संपर्क येताच पेट घेणारे एक रसायन हाताळताना तेवीस वर्षांच्या संशोधन साहाय्यिकेच्या कपड्यांनी पेट घेतला. तिच्या अंगावर प्रयोगशाळेचा कोट नव्हता. अंगावर पाणी सोडणारा फवारा तेथे होता, पण त्या गोंधळात तिला त्याखाली नेले गेले नाही. जानेवारीत ती दगावली. एवढ्या नामांकित विद्यापीठात हे घडते, तर आपली काय कथा?

आणि अपघात प्रयोगशाळेच्या भिंतीआड थोडाच थांबतो! संडास धुण्याचे आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकत्र केली की क्लोरीन वायू सुटतो. हा प्रयोग कोणत्याही घरात नकळत होऊ शकतो. १९८४ च्या २ डिसेंबरच्या रात्री भोपाळमध्ये मिथिल आयसोसायनेट सुटला तेव्हा लोक वाट फुटेल तिकडे धावले. तोंडावर ओले फडके धरावे एवढीही सूचना त्यांना कोणी दिली नव्हती. हजारो माणसे गेली. त्या कारखान्याच्या आवारात पडून राहिलेला सुमारे ३३७ टन विषारी कचरा २०२५ च्या जानेवारीत इंदूरजवळच्या पीथमपूरला नेला गेला आणि त्याच वर्षी जाळला गेला. म्हणजे चाळीस वर्षांनीही ते प्रकरण मावशीच्या दारापर्यंत आलेच.

आता भाषेचा प्रश्न. प्रयोगशाळेतील सूचना इंग्रजीत असतात. मराठी माध्यमातून आलेल्या माझ्यासारख्याला 'फ्लेमेबल' आणि 'इनफ्लेमेबल' हे शब्द एकमेकांच्या विरुद्ध वाटतात. दोहोंचा अर्थ मात्र एकच, ज्वालाग्राही! मग बाटल्या धुणाऱ्या शिपाईमामांनी काय समजावे? आपल्या मासिकाचा एक भाग मराठीत आणि एक कन्नडमध्ये निघतो. मग भिंतीवरची सूचना का निघू नये? 'आम्ल' हा शब्द तर दोन्ही भाषांत एकच आहे. 'पाणी' आणि 'नीरु' एवढे दोन शब्द तरी नळावर लिहिता येतील.

खर्चाचे म्हणाल, तर आम्हा वाणिज्यवाल्यांना ताळेबंदाखालची टीप वाचायची सवय असते. संभाव्य देणी तेथे लिहितात. नादुरुस्त नळ, मुदत संपलेले अग्निशामक नळकांडे, वाळूची रिकामी बादली ही सारी संभाव्य देणीच आहेत. फरक एवढाच, की ती कोणी लिहून ठेवत नाही आणि फेडताना पैसा चालत नाही.

माझी मागणी मोठी नाही. दरवर्षी पहिल्या सत्रात सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांना आणि शिपाईवर्गालाही एक तास द्यावा. डोळ्यात आम्ल गेले तर पापण्या उघड्या धरून डोळा कसा धुवावा, कपडे पेटले तर न धावता जमिनीवर कसे लोळावे, कोणाच्या पोटात रसायन गेले तर त्याला ओकारी का काढायला लावू नये, हे तोंडी न सांगता करवून घ्यावे. हा तास प्रयोगशाळा साहाय्यकांनी घ्यावा. प्राध्यापकांनी रागावू नये, पण वीस मिनिटे म्हणजे किती, हे त्यांना अधिक ठाऊक असते.

त्या तासाला पहिल्या बाकावर मी बसेन. मावशीला तसे कळवलेही आहे.