मत्सर, लीनता आणि विश्वास

दुसऱ्याचे बरे झालेले पाहून मनाला होणारा त्रास म्हणजे मत्सर. खटाव तालुक्यात, वडूजसारख्या गावात त्याला कारणे शोधावी लागत नाहीत: बांधाची वीतभर जागा, विहिरीच्या पाण्याची पाळी, भावाच्या मुलाला लागलेली नोकरी. ख्रिस्ती मंडळीत त्यात पंचांच्या निवडीची भर पडते. बाप्तिस्म्याने मत्सर आपोआप जात नाही. करिंथच्या मंडळीतही पौलाचे आणि अपुल्लोसाचे असे तट पडले होतेच.

मत्सरामुळे माणूस पुढे जातो, त्यात वाईट काय, असा एक आक्षेप असतो. तो टिकत नाही. चुरस करणाऱ्याला स्वतः वर जायचे असते. मत्सरी माणसाला दुसरा खाली आला तरी पुरते. दावीदाच्या विजयांनी शौलाचेच राज्य राखले जात होते. तरी बायकांनी गाण्यात दावीदाला मोठे केले, एवढ्यावरून शौलाने आपल्याच शूर सरदारावर भाला फेकला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लीनतेचा उपदेश दुबळ्यांना गप्प बसवण्यासाठीच केला जातो, असे म्हणतात, आणि तसे अनेकदा घडलेही आहे. सातारा-सांगलीकडच्या कितीतरी ख्रिस्ती घराण्यांच्या पूर्वजांनी अस्पृश्यता भोगली. त्यांच्या समान हक्काच्या मागणीला कोणी मत्सर म्हणत असेल, तर ते खोटे आहे. हक्क मागणारा आपला वाटा मागतो; दुसऱ्याची भाकरी करपावी अशी त्याची इच्छा नसते. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात (मत्तय 20) दिवसभर राबलेल्यांना ठरलेली मजुरी पुरी मिळते. त्यांचा कोणी काही बुडवलेला नाही. उशिरा आलेल्यालाही तेवढेच मिळाले, हे त्यांना खुपते.

लीनता म्हणजे स्वतःला तुच्छ मानणे, हा समजही सोडायला हवा. तुच्छतेची भावना तर मत्सराला खतपाणीच घालते. येशूकडे लोकांची रीघ लागली, हे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला त्याच्या शिष्यांनी कुरकुरत सांगितले, तेव्हा त्याने आपले काम कमी लेखले नाही. ते आपल्याला वरून मिळालेले आहे एवढे त्याने ओळखले, आणि दुसऱ्याच्या वाढीत आनंद मानला. विश्वासाचे काम इथे सुरू होते. देव देताना एकाचे काढून दुसऱ्याला देत नाही, अशी खात्री असल्याशिवाय असा आनंद टिकत नाही.

सातारा जिल्ह्याने अशा लीनतेचे एक मोठे उदाहरण पाहिले आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. कोण वरचा आणि कोण खालचा हे ज्या मोजमापांनी ठरे, त्यांतली दोन, पगार आणि बाप्तिस्मा, टिळकांनी अशी बाजूला ठेवली. 1919 मध्ये ते वारले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे राहिले, ते शालेय शिक्षण न मिळालेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरे केले. दुसऱ्याने आरंभलेल्या कामात आपले आयुष्य ओतायला लागते, ती हीच लीनता.

प्रार्थनेने मत्सर एका दिवसात जातो, हा दावाही खरा नाही. पुनरुत्थित प्रभूसमोर उभा असतानाही पेत्राने सोबतचा शिष्य योहान याच्याकडे पाहून याचे काय, असे विचारले. त्याचे तुला काय, तू माझ्यामागे ये, असे उत्तर त्याला मिळाले. म्हणून जुने पाळक एक कठीण साधना सांगतात: ज्याचा हेवा वाटतो त्याचे नाव घेऊन, त्याच्या शेताला पाणी लागो, त्याची मुले शिकोत, अशी रोज प्रार्थना करावी. सुरुवातीला शब्द ओठांवरच राहतात. मन मागाहून येते.