घाट चढण्याआधी बॉनेट उघडा

पुण्या-कोल्हापूरकडून कोकणात उतरताना जुनी गाडी कुरकुरत नाही. तिचा कस लागतो परतीला: भर मे महिना, चार माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या, एसी चालू आणि समोर आंबा घाटाचा चढ. वाफा सोडत कडेला उभ्या राहिलेल्या गाडीचं इंजिन बरेचदा ठणठणीत असतं. दगा दिलेला असतो काहीशे रुपयांच्या रबरी होज पाईपने.

मारुती ८०० चं उत्पादन २०१४ साली थांबलं. म्हणजे तिची शेवटची गाडीसुद्धा दहा वर्षांची होऊन गेली, आणि अशा कित्येक गाड्यांत होज अजून कंपनीचेच आहेत. फुटले नाहीत म्हणून कुणी बदलले नाहीत. माझं सांगणं एवढंच, की ते फुटायची वाट पाहू नका.

सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना बॉनेट उघडा. रेडिएटरचा वरचा आणि खालचा होज बोटांनी दाबून बघा, मधे आणि क्लिपजवळ. होज आतून कुजतो आणि तो बहुधा टोकांशी, त्यामुळे वरून काळाभोर दिसणाऱ्या पाईपवर विश्वास ठेवू नका. टोक मधल्यापेक्षा पिचपिचीत लागलं, दाबताना कडकड आवाज आला किंवा पाईप फुगलेला दिसला, तर तो गेला समजा. क्लिपपाशी पांढरट-हिरवट थर साचला असेल, तर तिथून कुलंट झिरपतंय. हीटरकडे जाणारे बारीक पाईप मागे दडलेले असतात; मेकॅनिकही ते विसरतो, तुम्ही विसरू नका.

बदलताना जुना होज पिळून, स्क्रू ड्रायव्हर खुपसून काढायला जाऊ नका. रेडिएटरची प्लास्टिकची नळी तुटली, तर शंभराचं काम हजारांत जातं. ब्लेडने उभा चिरा आणि सोलून काढा. नळीच्या तोंडाशी उंच कड असते, नवी क्लिप त्या कडेच्या मागे बसली पाहिजे. फार आवळलीत तर ती रबर कापते. दोन-चार दिवस गाडी चालली, की थंड इंजिनावर क्लिप पुन्हा तपासा.

आता पाण्याबद्दल. बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये ओतू नका, क्षार बसून नळ्या बुजतात. कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं चालतं. तयार मिश्रण आणलं असेल, तर त्यात पाणी घालू नका. भरल्यावर इंजिन चालू ठेवून हवा बाहेर पडू द्या, नाहीतर एअर लॉक होतो. रेडिएटरचं झाकणही होजसोबत बदलाच. ते ०.९ बारच्या आसपास दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं पाणी १०० अंशांना उकळत नाही. त्याचं रबर गेलं, की बाकी सगळं नवं असूनही गाडी उकळते. आणि ‘थर्मोस्टॅट काढून टाकू, गाडी थंड राहील’ असं कुणी म्हणालं, तर हात जोडा. इंजिन कायम अर्धवट गरम राहतं, पेट्रोल जास्त खातं आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

घाटात तापमानाचा काटा चढू लागला, तर एसी बंद करून हीटर पूर्ण चालू करा. घामाघूम व्हाल, पण इंजिनाची थोडी उष्णता तिकडे निघून जाते. होज फुटलाच, तर जागा बघून गाडी लगेच बंद करा. काटा खाली आला म्हणून निर्धास्त होऊ नका. सेन्सरभोवती पाणीच उरलं नाही, तर तो खोटं सांगतो. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, तापल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका. तासभर थांबा. त्या तासात फॅनजवळ हात नेऊ नका, काही गाड्यांत चावी काढल्यावरही तो अचानक फिरतो.

आणि काढलेलं जुनं कुलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. ते गोड लागतं, गल्लीतली कुत्री चाटतात आणि मरतात. डब्यात भरून, झाकण घट्ट लावून गॅरेजवाल्याकडे द्या.