दोन शून्यांचं रोम

आपला माणूस युरोप बघून परत आला की त्याला 'काय पाहिलंस?' असं फारसं कोणी विचारत नाही. 'केवढ्यात झालं?' असं विचारतात. मग तो आकडा सांगतो, शेजारचा त्याहून कमी सांगतो, तिसरा आणखी कमी. उलटा लिलावच. आणि त्यात रोम कुठे हरवलं ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

मंडळी, माझा काटकसरीला अजिबात विरोध नाही. माझ्याही पगारातून ईएमआय जातो. युरो आता शंभर रुपयांच्या आसपास असल्याने पाढाही लागत नाही, प्रत्येक किमतीपुढे दोन शून्यं लावली की झालं. मीही लावतो. पण कुठे जायचं आणि कुठे नाही, हे त्या दोन शून्यांनी ठरवायचं? भांडण आहे ते इथे.

पॅन्थिऑनचंच घ्या. जुलै २०२३ मध्ये तिथे ५ युरो तिकीट लागू झालं. तेव्हापासून 'बाहेरून बघितलं तरी चालतं' असा सल्ला मी कित्येकदा ऐकलाय. अहो, बाहेरून काय बघणार? सगळी गंमत आत आहे! हेड्रियन बादशहाच्या काळातला, सुमारे १९०० वर्षं जुना काँक्रीटचा घुमट, व्यास ४३ मीटरच्या वर, आणि आत एक लोखंडी सळई नाही. माथ्यावर उघडं गोल भोक, त्यातून ऊनही येतं आणि पाऊसही. शेंगेन व्हिसाची नुसती फी जून २०२४ पासून ९० युरो आहे. ९० युरो भरून दारापर्यंत यायचं आणि ५ युरोंसाठी दारातून परत फिरायचं, याला काटकसर म्हणत नाहीत. याला आपल्याकडे दुसरा शब्द आहे, तो इथे लिहीत नाही :-)

आता याच्या उलटी गंमत. इटलीतली सरकारी म्युझियम्स महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट असतात, कलोसियमसकट. व्हॅटिकन म्युझियम्स शेवटच्या रविवारी. एरवी २०२५ मध्ये कलोसियमचं साधं तिकीट १८ युरो होतं (त्यातच फोरम आणि पॅलाटाइन टेकडी), व्हॅटिकनचं २०. म्हणून लोक अख्खी ट्रिप त्या रविवाराभोवती बांधतात आणि मग अर्धा दिवस रांगेत उभे राहतात.

आपण इंजिनिअर ना? मग जरा हिशोब नीट करू. समजा विमान, व्हिसा, हॉस्टेल धरून चार दिवसांचे एक लाख झाले. रोजचे बारा तास धरले तर अठ्ठेचाळीस तास. म्हणजे तासाला दोन हजाराच्या वर. तीन तास रांगेत उभं राहून दोन हजार वाचवणाऱ्याने सहा हजार घालवले! ऑफिसात कोणी असं ऑप्टिमायझेशन केलं तर आपण कोड रिव्ह्यूमध्ये त्याची सालटी काढू. आधी बॉटलनेक शोधा. रोममध्ये तो पैसा नसतो, वेळ असतो.

बरं, ज्याला खरोखर काहीच पडत नाही ते या लोकांच्या यादीतच नसतं. सान लुइजी देई फ्रांचेसी या चर्चमध्ये काराव्हाज्जोची तीन मोठी चित्रं आहेत, सांता मारिया देल पोपोलोमध्ये आणखी दोन. सान पिएत्रो इन विंकोलीमध्ये मायकेलअँजेलोचा मोझेस बसलाय. कुठेही तिकीट नाही. आपिया रस्त्यावर दोन हजार वर्षांपूर्वीच्या दगडांवरून वाटेल तेवढं चाला. पाण्याची बाटली विकत घेऊ नका, रस्तोरस्ती 'नासोनी' नावाचे बिडाचे नळ आहेत, दोन हजारांवर. तोटीला बोट लावलं की वरच्या भोकातून कारंजं उडतं, थेट तोंडात. कॉफी काउंटरवर उभ्याने प्या, बसलात की बहुतेक ठिकाणी दर वाढतो. पिझ्झा वजनावर मिळतो, भुकेपुरता कापून घ्या. ही झाली काटकसर. हिच्यात शहर जास्त दिसतं, कमी नाही.

आता शेवटचं आणि जरा कडू. बसमधून विनातिकीट हिंडल्याच्या फुशारक्या मी ऐकल्यात. त्याचं 'स्मार्ट ट्रॅव्हल' हे नाव ऐकून डोकं फिरतं. ते तिकीट कोणीतरी भरलंच ना, तिथल्या सफाई कामगाराने, दुकानात राबणाऱ्या बाईने. रोमच्या बऱ्याच चर्चमध्ये चित्रापाशी एक पेटी असते, नाणं टाकलं की दिवा लागतो आणि थोड्या वेळाने विझतो. विझला की सगळे अंधारात उभे राहून एकमेकांकडे बघतात, कोण टाकतंय म्हणून. चार हजार मैल उडून आलेली माणसं, हातात लाखाचा फोन, आणि एका नाण्यासाठी दुसऱ्याची वाट बघतायत.

गरिबीत फिरण्यात लाज कसली? लाज या ताटकळण्याची वाटायला हवी.

असो. बरंच लांबलं. पुढच्या ट्रिपची एक्सेल शीट कराल तेव्हा एक ओळ आधीच घाला: 'दिव्यासाठी सुटे'. पाच-सहा युरो पुरतात.